काट्याचा आकडा संगणकापर्यंत कसा पोहोचतो?



गळीत हंगामात गाडी काट्यावर उभी राहते. बाहेरच्या फलकावर वजन दिसते, पण आतल्या संगणकावर आकडा उमटत नाही. लिपिक म्हणतो, "थांबा, पुन्हा घेतो." मागे ट्रॉल्यांची रांग, ऊस वाळतोय, अशा वेळी काटामारीची शंका मनात येणे साहजिक आहे. म्हणून हा आकडा तारेतून कसा जातो, ते आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

पुष्कळ काट्यांवर वजनयंत्र, फलक व संगणक 'आरएस-४८५' या पद्धतीने जोडतात. हे प्रमाण १९८३ साली अमेरिकेत ठरले. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवरून साधारण १२०० मीटरपर्यंत निरोप जातो, आणि मूळ प्रमाणाप्रमाणे ३२ यंत्रे एकाच जोडीवर बसतात. दोन तारांतील विद्युत्दाबाचा फरक वाचला जात असल्याने मोटारींच्या गोंगाटातही काम चालते.

अट एकच, एका वेळी एकानेच बोलायचे. त्यासाठी प्रत्येक यंत्रात 'ड्रायव्हर-एनेबल' नावाचा इशारा असतो. तो चालू असेल तेव्हा यंत्र तारेवर बोलते. बंद केला की तार सोडते व ऐकते.

आता पाण्याच्या पाळीचे उदाहरण घ्या. मोटार बंद केली तरी पाटात पाणी असतेच. त्याच क्षणी दारे मोडले तर शेवटचा वाफा कोरडा राहतो. पाळी संपूनही दारे धरून ठेवले तर शेजाऱ्याशी भांडण ठरलेलेच!

यंत्रातही तसेच होते. पाठवायची अक्षरे आधी एका राखीव खणात जातात, तेथून दुसऱ्या खणात, आणि मग एकेक बिट तारेवर. राखीव खण रिकामा झाला म्हणजे निरोप गेला असे नव्हे. शेवटचे अक्षर अजून वाटेत असते. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने १० बिटांच्या एका अक्षराला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात इशारा बंद झाला की शेवटचे अक्षर तुटते. उलट इशारा फार वेळ चालू राहिला तर समोरच्याच्या उत्तराची पहिली अक्षरे चिरडली जातात.

म्हणून जाणकार तंत्रज्ञ 'खण रिकामा' ही खूण पाहत नाही, 'पाठवणे पूर्ण' ही खूण पाहतो आणि लगेच इशारा उतरवतो. कित्येक नव्या चिपांत हे काम चिप स्वतःच करते. ते अधिक चांगले, कारण संगणक दुसऱ्या कामात गुंतला तरी वेळ चुकत नाही.

यात सभासदांचे नुकसान कुठे? १९७९ पासूनच्या मॉडबससारख्या पद्धतीत निरोपाच्या शेवटी पडताळ्याचे अंक असतात. शेवट तुटला की पडताळा जुळत नाही आणि संगणक तो निरोप नाकारतो. म्हणजे वजन घटत नाही, वेळ जातो. पण ज्या काट्याच्या निरोपात पडताळाच नाही, तेथे तुटका अंक खरा म्हणून घेतला जाण्याचा धोका राहतो.

तेव्हा एवढे करा. फलकावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा ताडून पाहा. आकडा आला नाही तर वजन पुन्हा घ्यायला लावा, हाताने लिहिलेला अंदाज स्वीकारू नका. वारंवार असे घडत असेल तर तारीख, वेळ व गाडी क्रमांक लिहून शेतकी खात्याकडे द्या. निरोपात पडताळा आहे का आणि इशारा कोणत्या खुणेवर उतरतो, हे दोन प्रश्न काटा बसवणाऱ्यास विचारलेच पाहिजेत. वर्षभराच्या घामाचा हिशेब एका मिलिसेकंदावर अडता कामा नये.