लोणच्याच्या काकडीला छप्पर कशासाठी?

बोटभर लांबीची कोवळी काकडी व्हिनेगरात मुरवून खाण्याची पाश्चात्यांची आवड आपल्याकडे कधी रुजली नाही. आपली काकडी कोशिंबिरीची. तरीही ही ‘गर्किन’ जगाला पुरविणाऱ्या देशांत भारत अग्रस्थानी आहे. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी कर्नाटकात सुरू झालेले हे पीक तामिळनाडू, आंध्र व तेलंगणात पसरले. २०२०-२१ मध्ये काकडी व गर्किन मिळून २,२३,५१५ टन माल परदेशी गेला आणि त्याचे सुमारे २२.३ कोटी डॉलर आले. या व्यवसायात सुमारे ९० हजार लहान शेतकरी आणि ६५ हजार एकर क्षेत्र आहे. म्हणजे शेतकऱ्यामागे पाऊण एकरही नाही! आणि हे सारे मुख्यतः उघड्या रानात, काठी-सुतळीच्या आधारावर.

हरितगृहाला निम्मे अनुदान मिळते, काकडी हे तीन महिन्यांत पैसा देणारे पीक, तेव्हा गर्किन तेथेच का घेऊ नये, असा विचार महाराष्ट्रातील होतकरू शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु छपराचा खर्च कोणत्या उणिवेवर उतारा म्हणून करावयाचा, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

रशिया-पोलंडकडील बागायतदार प्लॅस्टिकच्या बोगद्यात काकडी लावतो ती थंडीपायी. हे पीक हिमकणाचा स्पर्शही सोसत नाही. बोगद्यामुळे त्याला हंगामाचे काही आठवडे अधिक मिळतात. दख्खनच्या पठारावर ती अडचण नाही. येथे छप्पर पावसाचे पाणी अडविते, पाने कोरडी राहतात आणि केवड्याचा जोर ओसरतो, हा लाभ खराच. पण जाळीने किडींबरोबर मधमाश्याही बाहेर राहतात. मग परागीभवनावाचून फळ धरणारे महाग बियाणे घ्यावे लागते. वैशाखात आतील उष्मा फुलोरा जाळतो, आणि त्याच मातीत पुनःपुन्हा काकडी घेतल्यास मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी येतात.

याहून मोठी बाब तोडणीची. गर्किनमध्ये लहान फळाला भाव अधिक, मोठ्याला नगण्य. आणि फळ एका रात्रीत प्रत बदलते. लग्नकार्यासाठी एक दिवस तोडणी चुकली, तर त्या दिवसाचा नफा वेलीवरच फुगून जातो. म्हणून रोज, काही वेळा दोनदा, वाकून पानाआडचे फळ शोधावे लागते. हे काम बहुधा घरच्या स्त्रियांच्या हातांनी होते आणि खर्चाच्या वहीत त्याची नोंदही नसते. छपराने यातील एक फेरीही कमी होत नाही.

उरला भाव. साधी काकडी पुण्याच्या मार्केट यार्डात कोणीही घेईल. गर्किनला गावात गिऱ्हाईकच नाही. बी-खत उधार देणारी कंपनीच प्रतवारी करते, तीच ठरलेल्या दराने माल उचलते. हा दर उघड्या रानातल्या शेतकऱ्याच्या खर्चावर बेतलेला असतो. हरितगृहवाल्याला छपरापोटी त्यात एक पैसाही अधिक मिळत नाही. अनुदान सरकारचे असले तरी उरलेल्या निम्म्याचा बोजा सात-बाऱ्यावर चढतो, आणि कागद तीन-चार वर्षांनी बदलावाच लागतो. करारशेतीचा केंद्रीय कायदा २०२० मध्ये आला व २०२१ मध्ये मागे घेतला गेला; त्याच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली, पण प्रतवारीच्या वेळी शेतकरी काट्याजवळ उभा असावा की नाही, याविषयी कोणी फारसे बोलले नाही.

वेलीला ठिबक, आच्छादन व मजबूत मांडव, आणि फुले येईपर्यंत हलक्या कापडाचे पांघरूण, एवढे या पिकाला पुरते. छपरासाठी ठेवलेल्या रकमेतून गावागावांत संकलनाची शेड उभारता येईल: संध्याकाळी मालमोटार सुटण्यापूर्वी तेथेच प्रत लागावी, तिची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हाती पडावी आणि तोडणाऱ्या बाईची हजेरीही त्याच वेळी लिहिली जावी.