रिंगखालून

पहाटे साडेपाचला मैदानाच्या फाटकाचं कुलूप निघतं, तेव्हा माझी धाकटी बहीण बाकावर बसून घोट्याला टेप लावत असते. आधी स्पंजासारखी पातळ पट्टी, तिच्यावर पांढरा चिकट टेप. टाचेखालून वर येणाऱ्या तीन पट्ट्या घोड्याच्या नालेसारख्या, मग पावलावरून टाचेकडे तिरपे फेरे, मराठी चारच्या आकड्यासारखे एकमेकांना छेदणारे. दोन्ही घोट्यांना मिळून दहा मिनिटं जातात. हे काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही. टेपला एक सुरकुती राहिली तरी तासाभरात तिथे फोड येतो, आणि फोड आलेल्या पायाने धावणारी पोरगी नकळत दुसऱ्या पायावर भार टाकते. तिथून गुडघ्याचं दुखणं सुरू होतं.

ती बारा वर्षं रेल्वेकडून बास्केटबॉल खेळते. मागच्या वर्षी कामानिमित्त दोन महिने मी मुंबईत तिच्याकडे राहिले. तिच्याबरोबर सकाळी सराव करणारी मुलगी बदली होऊन गेली होती, म्हणून तिने मला नेलं. माझं काम एकच, रिंगखाली उभं राहून चेंडू तिला परत द्यायचा. लहानपणापासून तिचे सामने मी पायऱ्यांवर बसून पाहिले आहेत, ओरडून घसाही बसवून घेतला आहे. पण ती नेमकं काय करते हे मला रिंगखाली उभी राहिल्यावर कळलं.

सुरुवात रिंगपासून दोन पावलांवर होते. एका हाताने, उडी न मारता, सावकाश. कोपर रिंगच्या रेषेत, चेंडू बोटांच्या पेरांवर, तळहाताला न टेकलेला. सुटल्यावर मनगट पुढे झुकलेलं तसंच राहतं, चेंडू जाळीतून खाली येईपर्यंत. असे तीस. पाहणाऱ्याला वाटेल, बारा वर्षं खेळलेल्या बाईला हे कशाला? गाणारा रोज पहाटे षड्ज लावतो तसंच आहे ते.

मग ती मागे सरकते. दोन्ही कॉर्नर, दोन्ही बाजूंचे फोर्टी-फाइव्ह आणि मधला टॉप, अशा पाच जागा. तीन गुणांची रेषा रिंगपासून पावणेसात मीटरवर असते, कॉर्नरला थोडी आत. प्रत्येक जागेवरून दहा बास्केट. दहा प्रयत्न नव्हेत, दहा पडलेले. एखाद्या सकाळी ते बारा प्रयत्नांत होतात, एखाद्या सकाळी पंचवीस लागतात.

पहिल्या आठवड्यात मी चेंडू कसाही फेकायची. गुडघ्याशी, डोक्यावरून, कधी डावीकडे. ती म्हणाली, "ताई, छातीवर दे. चेंडू हातात आल्यावर मला तो शोधावा लागला की शॉट गेला." तेव्हापासून मी पास देताना तिच्या हातांकडे बघू लागले. ती तळवे दाखवते, तिथेच चेंडू पोचला पाहिजे. शेवटच्या फेरीत मात्र ती मुद्दाम सांगायची, "आता वाईट दे." सामन्यात चौथ्या क्वार्टरला दमलेल्या मैत्रिणीचा पास जसा येतो तसा.

महिनाभरात मला चुकलेले शॉट वाचता येऊ लागले. डावी-उजवीकडे गेला तर कोपर बाहेर पडलं. रिंगच्या पुढच्या कडेला आपटला तर पाय थकले, कारण शॉटची ताकद हातातून नाही, मांड्यांतून येते. लांब गेलेल्याचं तिला फारसं वाईट वाटत नाही, आखूड पडलेल्याचा मात्र राग येतो. कॉर्नरमधून चुकलेला चेंडू बहुतेकदा समोरच्या बाजूला उडतो, हे कळल्यावर माझी धावपळ निम्मी झाली.

चेंडू इतका उंच का टाकतेस, असं मी एकदा विचारलं. घरी जेवताना तिने स्टीलचं ताट उचलून माझ्यासमोर धरलं आणि हळूहळू कलतं केलं. ताट चपटं होत गेलं. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, तिच्या चेंडूचा जवळपास २३. वरून सरळ पडणाऱ्या चेंडूला पूर्ण ४५ मिळतात. पंचेचाळीस अंशांच्या कोनातून आला तर त्याच्या वाट्याला ३२ सेंटिमीटर येतात. तीस अंशांवर साडेबावीसच उरतात, म्हणजे चेंडू कडेला न लागता आत जाऊच शकत नाही. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर, स्त्री-पुरुष सगळ्यांना सारखीच. पाच फूट सात इंचांच्या बाईने उंच टाकलाच पाहिजे. इतकी वर्षं मी त्या कमानीला नुसती देखणी समजत होते.

सगळ्यात शेवटी फ्री थ्रो. सलग दहा पडल्याशिवाय घरी जायचं नाही, हा तिच्या सरांनी शाळेत घालून दिलेला नियम. सामन्यात पंचाने चेंडू दिल्यावर पाच सेकंद मिळतात. त्या पाच सेकंदांत तिचं ठरलेलं असतं: दोन टप्पे, चेंडू हातात एकदा फिरवून शिवण आडवी करायची, श्वास सोडायचा, टाकायचा. एका सकाळी नववा चुकला, तीन वेळा. ऊन चढलं होतं, दहाला ऑफिस होतं. तिने घड्याळाकडे पाहिलंही नाही, पुन्हा एकपासून मोजायला लागली.

ऑफिस हा शब्द या खेळाच्या वर्णनात अनेकांना खटकेल. पण आपल्याकडे बास्केटबॉल खेळून जगणाऱ्या बाईचं आयुष्य त्या शब्दाभोवतीच फिरतं. वर्षभर पगार देईल अशी महिलांची लीग नाही. आहे ती स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या महिला संघाचा दबदबा कित्येक दशकांचा आहे, आणि त्याचं मोठं कारण ही नोकरीच. एकोणिसाव्या वर्षी भारताची कर्णधार झालेली आणि २०२१ मध्ये पद्मश्री मिळालेली अनिता पॉलदुरै दक्षिण रेल्वेत नोकरी करत खेळली. २०१७ मध्ये बंगळुरूला भारताने आशिया चषकाच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला अवघ्या दोन गुणांनी हरवलं, त्या संघात ती होती आणि आपल्या पुण्याची शिरीन लिमयेही. ते दोन गुण कुठे तयार झाले असतील, याचा विचार मी आता वेगळ्या तऱ्हेने करते.

मुंबईत ही परंपरा जुनी आहे. नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनने काढलेल्या नेबरहुड हाऊसच्या आसपास हा खेळ रुजला. त्या दाट वस्तीतून अब्बास मुंतसिरसारखा भारताचा कर्णधार निघाला, ज्याला १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळलास तर नोकरी लागेल, हे तिथल्या पोरांच्या आयांना पटलेलं असायचं. आमच्या घरीही तेच. बहिणीचं नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी बाबांनी ते देवापुढे ठेवून त्यावर फूल वाहिलं होतं.

तिचा दिवस असा: सकाळी अडीच तास सराव, मग लोकलने ऑफिस, दुपारपर्यंत फायली, संध्याकाळी संघाचा सराव तीन तास. स्पर्धेआधी कॅम्प लागला की महिना-महिना घर नाही. तरी लग्नाकार्यात कुणीतरी म्हणतंच, "तुझं बरं आहे बाई, अर्धा दिवस सुट्टी." आणि पुढचा प्रश्न, "आता खेळणं कधी सोडणार?" ती हसून पाणी आणायला उठते. मला हसता येत नाही. अर्ध्या दिवसाची सुट्टी म्हणजे काय, ते मी दोन महिने चेंडू उचलून पाहिलं आहे.

आणि एक वर्ष त्याहून कठीण गेलं. नोकरीच्या सातव्या वर्षी रिबाउंड घेऊन खाली उतरताना तिचा डावा गुडघा आत वळला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. कडक वाळलेली काडी मोडावी तसा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. एसीएल तुटलं होतं. उड्या मारणाऱ्या आणि झपकन दिशा बदलणाऱ्या खेळांत बायकांना ही दुखापत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होते. मांडीच्या मागच्या स्नायूचा दोर काढून नवा अस्थिबंध बसवला. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे व्यायाम कोणता, तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती मांडीने दाबायची. पाच सेकंद दाब, सोड. दिवसातून शेकडो वेळा. जी मुलगी अर्ध्या मैदानावरून धावत येऊन ले-अप घ्यायची, ती पलंगावर बसून टॉवेल दाबत होती, आणि मांडी तरीही रोज बारीक होत होती. आई दाराआडून बघायची आणि निघून जायची. मैदानावर परत यायला दहा महिने लागले. पहिल्या सामन्यात तिला चार मिनिटं मिळाली. ती चार मिनिटं बघायला आम्ही रात्रभर गाडीत बसून गेलो होतो.

आता ती बत्तीस वर्षांची आहे. उडी दोन बोटं कमी झाल्याचं ती स्वतःच सांगते. त्याऐवजी शॉट थोडा लवकर सोडायला शिकली आहे. संघात आलेल्या वीस वर्षांच्या मुलींना स्क्रीन कुठे लावायची ते तिच्याकडून कळतं. एकीला तिने माझ्यासमोर घोट्याला टेप लावायला बसवलं, आणि सुरकुती दिसताच सगळा काढून पुन्हा लावायला लावला.

मी निघायच्या आदल्या रात्री ती जेवणानंतर भिंतीला टेकून बसली. डाव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी, मांडीवर खात्यांतर्गत परीक्षेचं पुस्तक. बढतीची परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती. वीस मिनिटं बर्फ ठेवायचा असतो, तेवढ्या वेळात मी प्रश्न विचारायचे, तिने उत्तरं द्यायची. रजेच्या नियमांपाशी ती अडली.

"परत विचार," ती म्हणाली. "पहिल्यापासून."