राखाडी छटांची कसोटी

काळ्या मातीत फुटलेला कापूस यवतमाळ जिल्ह्यात कुठेही दिसतो. पण तेच दृश्य कृष्णधवल छायाचित्रात छापायला घेतलं की इंकजेट प्रिंटरचा कस लागतो. बोंडातले पांढरे पदर दिसायला हवेत, ढेकळांमधली सावलीही. आणि मधल्या असंख्य राखाडी छटांवर हिरवट किंवा जांभळट झाक नको. याच जिल्ह्यातल्या, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्या काळातले कृष्णधवल फोटो स्कॅन करून नव्याने छापतानाही अडचण हीच.

साधा रंगीत प्रिंटर राखाडी छटा बऱ्याच अंशी सायन, मॅजेंटा आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून काढतो. एखादी शाई किंचित जास्त पडली की झाक उमटलीच. त्यात उजेडाची भर: घरातल्या पिवळ्या बल्बखाली छान वाटलेला प्रिंट उन्हात नेला की हिरवट दिसू लागतो.

एप्सनने २००५ मध्ये आणलेल्या ‘के३’ शायांनी हे चित्र बदललं. काळी, फिकी काळी आणि त्याहून फिकी काळी, अशा तीन शाया. स्टायलस फोटो आर२४०० या प्रिंटरमध्ये कृष्णधवलसाठी स्वतंत्र पद्धत होती. छटांचा बहुतेक भार या तिघींवर, रंगीत शाई अगदी थोडी. ती थोडीही लागतेच, कारण निव्वळ कार्बनची काळी शाई तपकिरीकडे झुकते. अमेरिकेतले जॉन कोन तर त्याआधीच ‘पिझोग्राफी’ या आपल्या छपाईपद्धतीत रंगीत शाया काढून सगळीकडे राखाडी शायाच भरत होते.

तरीही चांगली शाई म्हणजे अर्धंच काम. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ चौकोनांची पट्टी छापायची, ती पूर्ण वाळू द्यायची आणि मग स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या उपकरणाने एकेक चौकोन मोजायचा. रंगाच्या ‘लॅब’ मापनातले ए आणि बी हे आकडे शून्याच्या आसपास राहिले तर छटा तटस्थ. बी वर चढला तर पिवळट, खाली गेला तर निळसर. कुठल्या चौकोनात तोल गेला ते डोळ्यांना जाणवण्याआधी आकडा सांगतो, म्हणूनच ही पट्टी टाळू नये.

कागदाचाही हिशेब धरावा लागतो. चकचकीत पांढरेपणासाठी कागदात घातलेली रसायनं अतिनील प्रकाशात निळसर उजळतात, आणि फिकट छटा त्यांच्यामागे ओढल्या जातात. काळी शाईही कागदानुसार बदलते: चकचकीत कागदाला फोटो ब्लॅक लागते, मॅटला मॅट ब्लॅक. कागद बदलला की पट्टी पुन्हा छापून मोजायची.