नायगारा झाला? मग आता लोवेलला जा!

अमेरिकेत प्रोजेक्टवर जाऊन आलेल्या कुणाचाही अल्बम उघडा, फोटो तेच असतात. नायगारा, टाइम्स स्क्वेअर, लिबर्टीचा पुतळा आणि आउटलेट मॉलच्या पार्किंगमध्ये दोन्ही हातांत पिशव्या घेऊन काढलेला एक. माझेही तेच होते. बॉस्टनजवळच्या एका ऑफिसात सहा महिन्यांसाठी गेले होते. तिसऱ्या महिन्यात मॉल बघून संपले, पैसेही संपत आले. मग एका रविवारी नुसतंच गाव भटकताना एका जुन्या लाकडी घरावर पाटी दिसली : हिस्टॉरिकल सोसायटी, रविवारी २ ते ४.

बाहेर कडाक्याची थंडी, आत हीटर. खरं सांगायचं तर मी हीटरसाठी आत शिरले!

आत सत्तरी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. तिकीट नाही, दाराशी देणगीची काचेची बरणी. तीन खोल्यांत काय, तर कुणाचं तरी शिवणयंत्र, शाळेच्या वर्गांचे फोटो, आग विझवायच्या चामड्याच्या बादल्या, बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातल्या बाटल्या. राजे नाहीत, तलवारी नाहीत. पुण्याच्या केळकर म्युझियममधले अडकित्ते आणि दिवे आठवले. फरक एवढाच, की इथे प्रत्येक वस्तूखाली ती वापरणाऱ्याचं नाव, त्याचा धंदा आणि गल्ली लिहिलेली. बाईंनी मला माझा पत्ता विचारला, कपाटातून जुनी सिटी डिरेक्टरी काढली आणि मी जिथे भाड्यानं राहत होते, त्या रस्त्यावर शंभर वर्षांपूर्वी कोण कोण राहायचं ते वाचूनच दाखवलं. सुतार, शिक्षिका, दोन विणकर. त्या रात्री घरी जाताना रस्ता जरा वेगळाच वाटला.

अशा संस्था त्या देशात किती असाव्यात? २०२२ मध्ये झालेल्या मोजणीत इतिहास जपणाऱ्या संस्थांचा आकडा २१ हजारांच्या वर गेला. सगळ्यात जुनी, मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी, १७९१ ची. बाकीच्यांतल्या कित्येक अशाच, गावातल्या रिटायर्ड मंडळींनी फुकट वेळ देऊन चालवलेल्या. निघताना बाई म्हणाल्या, “विणकरांची नावं एवढी आवडली, तर लोवेलला जा. ट्रेननं पाऊण तास.”

लोवेल म्हणजे अमेरिकेचं गिरणगाव. फ्रान्सिस कॅबट लोवेल हा बॉस्टनचा व्यापारी १८१० मध्ये इंग्लंडला गेला, तिथल्या गिरण्या बघितल्या आणि यंत्रमाग अक्षरशः डोक्यात साठवून परत आला. (आजच्या भाषेत सरळ सरळ कॉपी-पेस्ट!) तो १८१७ मध्ये वारला. त्याच्या भागीदारांनी १८२२ पासून मेरिमॅक नदीच्या धबधब्याशी कालवे खणून गिरण्यांचं शहर उभं केलं आणि त्याला त्याचं नाव दिलं.

गंमत पुढे आहे. या गिरण्यांत मागावर उभ्या राहिल्या त्या मुली. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या घरातल्या, बहुतेक अविवाहित. कंपनीच्या बोर्डिंग हाउसमध्ये राहायचं, रात्री दहाच्या आत परत, रविवारी चर्च सक्तीचं. काम रोज बारा-तेरा तास. पगारातून काही घरी पाठवायचं, काही साठवायचं. आपल्याकडे कोकणातून, साताऱ्यातून पुरुष गिरणीत आले आणि त्यांना जेवू घालायला बायकांनी खाणावळी चालवल्या. तिथे खाणावळही बायकांची आणि मागही बायकांचे. या मुली गरीब गाय मात्र नव्हत्या. १८३४ मध्ये पगारकपातीवरून आणि १८३६ मध्ये खाण्या-राहण्याचे दर वाढले म्हणून त्यांनी संप केला. १८४५ मध्ये सॅरा बॅग्ली आणि तिच्या मैत्रिणींनी दहा तासांच्या कामासाठी राज्याच्या कायदेमंडळासमोर साक्षी दिल्या. मागणी लगेच मान्य झाली नाही, पण त्यांना बोलताना सगळ्यांनी ऐकलं. ‘लोवेल ऑफरिंग’ नावाचं त्यांच्या लेखनाचं मासिकही निघत होतं.

आणि कापूस कुठून यायचा? दक्षिणेतून, गुलामांच्या हातचा. लोवेलमध्ये विणलेलं जाडंभरडं कापड परत त्याच गुलामांच्या अंगावर जायचं. ही गोष्ट म्युझियम झाकून ठेवत नाही. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तेव्हा लोवेलच्या काही मालकांनी कापसाचा साठा चढ्या भावात विकून गिरण्या बंद केल्या आणि हजारो कामगार घरी बसले. त्याच काळात इंग्लंडला कापूस हवा होता, म्हणून मुंबईत पैशांचा पाऊस पडत होता. प्रेमचंद रायचंद, शेअरबाजार आणि १८६५ चा तो धडाका! त्यांच्याच देणगीतला राजाबाई टॉवर आपण रोज बघतो. अमेरिकेतल्या छोट्या गावात जाऊन फोर्टची गोष्ट कळते ती अशी.

बूट कॉटन मिल्सच्या तळमजल्यावर मागांची खोली आहे. ८८ माग, त्यातले काही अजून चालवून दाखवतात. दारात कानात घालायचे बोळे देतात. मी ते घातले आणि तरीही छाती हादरली. धोटा धाड-धाड धावतोय, जमीन थरथरतेय, शेजारचा काय म्हणतोय ते फक्त ओठांवरून कळतंय. मी पाच मिनिटांत बाहेर आले.

बाहेर गणवेशातल्या गाइडनं सहज विचारलं, “तुमच्या घरात कोणी गिरणीत होतं?” मी म्हटलं, “आजोबा. मुंबईत.” तो एकदम खूश. “कुठल्या खात्यात?”

मला माहीत नव्हतं.

सॉलिड लाज वाटली. आजोबा लोअर परळला गिरणीत होते आणि ८२ च्या संपात नोकरी गेली, एवढंच घरात ऐकलेलं. रात्री बाबांना फोन लावला. ते म्हणाले, “साचाखातं. दोन साचे बघायचे अण्णा. तीस वर्षं.” आणि मग जरा थांबून, “म्हणून तर ओरडून बोलायचे गं. आवाजानं कान गेले होते.” आम्ही नातवंडं त्या ओरडण्याची नक्कल करून हसायचो.

लोवेलही असंच संपलं होतं. बूट मिल्स १९५० च्या दशकात बंद पडली, बऱ्याच इमारती पाडल्या गेल्या. पण पॅट्रिक मोगन नावाच्या शिक्षणतज्ज्ञानं हाच आपला वारसा आहे, असा धोशा लावला आणि १९७८ मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं.

तुमची पोस्टिंग न्यू जर्सीत असेल, तर रोझेलला चक्कर टाका. १९ जानेवारी १८८३ ला एडिसननं याच गावात खांबांवरून तारा नेऊन दिवे लावले आणि त्याच जूनमध्ये आनंदीबाई जोशी तिथे कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत.

दोन टिप्स. छोट्या सोसायट्या हिवाळ्यात बऱ्याचदा बंद असतात, तेव्हा आधी फोन करा. आणि बरणीत पाच डॉलर टाकायला लाजू नका.

परत आले तेव्हा बाबांनी ट्रंकेतून अण्णांचा बिल्ला काढून दिला. नंबर अजून वाचता येतो. तो आता माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो. ऑफिस लोअर परळलाच, जुन्या गिरणीच्या आवारात. आमचं कॅफेटेरिया पूर्वी कुठलं खातं होतं, हे मी ॲडमिनला दोनदा विचारलं. त्यांनी मला बिल्डरचा नंबर दिला.