दोघांचे वर्ष, दोघांची फाइल

आपल्या समाजातील ज्येष्ठांचे वर्ष घरात बसून जात नाही. १ जानेवारीला भीमा कोरेगावचा विजयस्तंभ, १४ एप्रिलची जयंती, वैशाखात बुद्धपौर्णिमा, पावसाळ्यात विहारातला वर्षावास, अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी. सुट्टी म्हणून कुठे जाणे आपल्या आईवडिलांना जमले नाही, पण या तारखा त्यांनी चुकवल्या नाहीत. साठी ओलांडली की याच वर्षात साखर, रक्तदाब, गुडघे आणि मोतीबिंदू येऊन बसतात. मग एखाद्या आजारपणानंतर मुले म्हणतात, "आता बस झालं फिरणं. घरी बसून आराम करा." मुले हे प्रेमानेच म्हणतात. पण हा सल्ला आरोग्याच्या दृष्टीने बरोबर आहे का?

मुंबईतल्या एका वस्तीतील जोडप्याचे एक वर्ष पाहू. त्यांच्या इच्छेनुसार नावे देत नाही. बाबा ६८ वर्षांचे, नळखात्यातून निवृत्त झालेले. आई ६३ वर्षांच्या. पस्तीस वर्षे चार घरची धुणीभांडी करून आता थांबलेल्या. बाबा भीमगीतांच्या मंडळात ढोलकी वाजवतात. आई जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात आणि कोरसमध्ये गातात. बाबांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांची दवाखान्याची फाइल जाडजूड आहे. आईंची फाइल नव्हती. "मला काही होत नाही," असे त्या म्हणायच्या आणि घरच्यांनीही ते खरे मानले होते.

जानेवारी : रांगेतला घाम

भीमा कोरेगावला गाड्या लांब उभ्या कराव्या लागतात. तिथून चालत जायचे आणि रांगेत थांबायचे. बाबांनी पहाटे नेहमीप्रमाणे साखरेची गोळी घेतली. भाकरी मात्र अभिवादन झाल्यावर खाऊ, म्हणून बांधून ठेवली आणि ती पिशवी गाडीतच राहिली. साडेदहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. मागचा एक तरुण हळूच म्हणाला, "घेतलेली दिसतेय." आयुष्यात कधी दारूला न शिवलेल्या माणसाविषयी हे ऐकून आई रडकुंडीला आल्या. रांगेतल्या एका बाईने मात्र ओळखले. तिने साखर घातलेले पाणी पाजले, आणि पंधरा-वीस मिनिटांत बाबा ताळ्यावर आले.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन वेळेवर खाल्ले नाही तर रक्तातली साखर ७०च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटे पाहावे, बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि मग भाकरी-बिस्किटे खायला घालावीत. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नये. कुशीवर वळवून १०८ला फोन करावा.

बारा वर्षे नवऱ्याबरोबर दवाखान्यात जाऊनही आईंना हे कोणी सांगितले नव्हते. डॉक्टर बाबांशी बोलत, आई बाकावर बसून राहत. साखर घसरते तेव्हा रोग्याला स्वतःला नीट कळत नाही, ते शेजारच्याने ओळखायचे असते. म्हणून तपासणीच्या वेळी जोडीदाराने आत जावे आणि विचारावे, "यांना काय झालं तर मी काय करू?"

एप्रिल : न दुखलेला फोड

जयंतीच्या मिरवणुकीसाठी मुलाने बाबांना नवे बूट घेतले. चार तास ढोलकी गळ्यात अडकवून बाबा चालले. रात्री आईंनी मोजे काढले तेव्हा टाचेला फोड फुटलेला आणि मोजा रक्ताने चिकटलेला. बाबांना काहीच दुखले नव्हते. आणि हे न दुखणे हीच धोक्याची खूण. बरीच वर्षे साखर जास्त राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. खडा टोचला, चटका बसला, बूट लागला तरी कळत नाही. जखम चिघळते, आणि उशीर झाला तर बोट किंवा पाय काढण्याची वेळ येते.

बाबांची जखम भरायला दोन महिने लागले. बुद्धपौर्णिमेला ते विहारात खुर्चीवर बसून होते. आता रोज रात्री आई त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहतात. नवी चप्पल आधी घरात दोन-तीन दिवस थोडा थोडा वेळ घालून पाहायची, अनवाणी चालायचे नाही, तापलेल्या फरशीवर चप्पल काढायची वेळ आली तर जाड मोजे घालायचे, हा नियम झाला. ढोलकी सुटली नाही. बाबा आता मिरवणुकीत टेम्पोवर बसून वाजवतात.

वर्षावास : सुईत न जाणारा दोरा

आषाढ पौर्णिमेपासून विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू झाले. आई दुपारी गोधडी शिवत आणि संध्याकाळी वाचन ऐकायला जात. एक दिवस त्यांनी गोधडी गुंडाळून माळ्यावर टाकली. सुईत दोरा जात नव्हता. नातीने ओवून दिला तरी टाके वाकडे पडत. "वय झालं," त्या म्हणाल्या आणि छंदच सोडून दिला.

मुलीने त्यांना ओढूनच सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात नेले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासले तर उपाशीपोटी साखर १६८. ती १२६ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह समजतात, आणि पुन्हा तपासून खात्री करून घेतात. रक्तदाबही १५० वर १०० होता. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा येत असेल तर उपचार हवेत. "मला काही होत नाही" म्हणणाऱ्या आईंना दोन्ही आजार होते, आणि कधीपासून होते हे सांगता येत नव्हते. कारण त्यांचे रक्त त्याआधी कधी तपासलेच नव्हते.

ही एकट्या या घरातली गोष्ट नाही. वस्तीत घरोघर पाहा. औषधाची पिशवी बहुधा बाबांच्या नावाची असते. आईला चक्कर येते ते "उपाशी राहिली म्हणून", धाप लागते ते "जिना चढली म्हणून", डोके दुखते ते "उन्हात गेली म्हणून". रक्तदाबाला आणि मधुमेहाला सुरुवातीला बहुतेक वेळा लक्षणच नसते. म्हणून तिशीनंतर प्रत्येकाने, विशेषतः प्रत्येक बाईने, आरोग्य केंद्रात जाऊन दोन्ही तपासून घ्यावे. सरकारी केंद्रांत ही तपासणी मोफत होते. मिश्री किंवा तंबाखू लावणाऱ्यांनी तोंडही दाखवावे. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही तर डॉक्टरांना दाखवण्यात एक दिवसही घालवू नये.

आईंची साखर आटोक्यात आल्यावर सरकारी रुग्णालयात लेन्स बसवली. थोड्या दिवसांत सुईत दोरा जाऊ लागला.

दसरा : मारलेली तहान

डॉक्टरांना विचारून दोघे दीक्षाभूमीला निघाले. नागपूरचा प्रवास रात्रभराचा, डबा खच्चून भरलेला, वाटेत माणसे झोपलेली. शौचालयापर्यंत जाणेच कठीण. आईंनी दुपारपासूनच पाणी बंद केले. जातानाही आणि येतानाही. परतल्यावर लघवीला आग, मग थंडी वाजून ताप. मूत्रमार्गाचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. तीन दिवस सलाईनवर राहावे लागले. मधुमेहात हा संसर्ग लवकर होतो, आणि पाणी कमी प्याल्याने व लघवी तासन्‌तास रोखल्याने धोका वाढतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्याचा हक्क लढून मिळवलेल्या समाजातली आई प्रवासात तहान मारून बसते, कारण तिला जायला स्वच्छ शौचालय नाही. हा दोष तिचा नाही. जी मंडळे गाड्या काढतात त्यांनी दर दोन तासांनी स्वच्छ जागी थांबा ठरवावा आणि तो निघण्यापूर्वी बायकांना सांगावा. भोजनदानाइतकेच शौचालयाची सोय करणेही पुण्याचे काम मानावे. रेल्वेचे आरक्षण वेळेत करावे. ६० वर्षांवरील पुरुषांना व ४५ वर्षांवरील स्त्रियांना खालचा बर्थ मिळण्याची सोय आहे, अर्जावर वय बरोबर लिहावे.

फिरणे थांबवायचे का?

आई रुग्णालयातून घरी आल्या त्या संध्याकाळी मुलांनी निर्णय सांगितला : ६ डिसेंबरला कुठेही जायचे नाही. बाबा गप्प बसले. आई म्हणाल्या, "दोरा ओवता आला नाही म्हणून तर माझी शुगर कळली. घरात बसले असते तर कळली असती का?"

त्यांचे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या अगदी खरे आहे. म्हातारपणी छंद आणि प्रवास हेच शरीराचे खबऱ्याचे काम करतात. सुई मोतीबिंदू सांगते. गाताना दम पुरेनासा झाला तर हृदय, फुप्फुसे किंवा रक्ताची कमतरता तपासायला हवी. ढोलकीवर बोटे बधिर होत असतील तर नसांची तपासणी हवी. नेहमीचा जिना चढताना छातीत दाब येतो, घाम फुटतो, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायला हवे. ज्येष्ठांनी एखादी आवडती गोष्ट "वय झालं" म्हणून सोडली, तर घरच्यांनी लगेच विचारावे : नेमके काय जमेनासे झाले? आणि घरात बसवून ठेवले तर स्नायू गळतात, गुडघे आखडतात, साखर वाढते, मन खचते.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांचे दुखणे होते. तरी उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले. प्रकृती ढासळलेली असताना १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली. नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. या सगळ्यात माईसाहेब सोबत होत्या, आणि त्या स्वतः डॉक्टर होत्या. आपल्या घरी डॉक्टर नाही. पण एकमेकांचा आजार जाणणारा जोडीदार प्रत्येक घरात तयार होऊ शकतो.

या जोडप्याने मार्ग काढला. ४ डिसेंबरला, गर्दी वाढण्याआधी, सकाळी नाश्ता आणि गोळ्या घेऊन दोघे दादरला गेले आणि चैत्यभूमीला अभिवादन करून दुपारी घरी आले. ६ तारखेला गावोगावहून आलेल्या बांधवांसाठी वस्तीच्या विहारात पाण्याची सोय होती. तिथे दोघे खुर्च्या टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक म्हातारीला आई सांगत होत्या, "पाणी पी बाई. मागं शौचालय आहे, स्वच्छ आहे."

निघण्यापूर्वी एवढे करा

* दोघांची वेगळी फाइल, दोघांची वेगळी औषधाची डबी. प्रवासाच्या दिवसांपेक्षा तीन दिवसांची औषधे जास्त. पिशवी गाडीत न ठेवता अंगावर ठेवावी.
* एका चिठ्ठीवर नाव, आजार, गोळ्या आणि मुलांचा फोन नंबर लिहून दोघांनी खिशात ठेवावी.
* साखरेची पुडी, बिस्किटे, पाण्याची बाटली जवळ हवी. मधुमेहाच्या गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ जुळवून घ्यावी.
* बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नये.
* गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर दुखीच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंडाला इजा होते, रक्तदाबही वाढतो. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून दहा आकडे धरावा, दिवसातून दोनदा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी.
* तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडे बोलणे हा पक्षाघात असू शकतो. वेळ पाहून ठेवावी आणि ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे. पहिले साडेचार तास फार मोलाचे असतात.
* राज्यात एसटीने ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना मोफत, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना आणि सर्व स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे आणि उत्पन्नाची अट नाही.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एक काम करू या. ज्या घरात बाबांची फाइल आहे, त्या घरातल्या आईला विचारू या, "आई, तुझी फाइल कुठाय?" नसेल तर दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन आरोग्य केंद्रात जाऊ या.

जयभीम. नमो बुद्धाय.