जोर कुणाचा?

गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला पुन्हा मैदानात उतरवायचं का, हे ठरवताना फिजिओथेरपिस्ट इतर चाचण्यांबरोबर ९० टक्क्यांचा निकष लावतात. ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. इतकं काही ज्या आकड्यावर ठरतं, तो देणारं यंत्र कोण तपासतं? ते बघायला मी पुण्यातल्या एका फिजिओथेरपी विभागात गेले.

यंत्र म्हणजे हातात मावणारा डायनामोमीटर. खेळाडू टेबलाच्या कडेला गुडघा काटकोनात ठेवून बसतो, तपासणारी व्यक्ती घोट्याच्या जरा वर यंत्र धरते आणि तो पाय सरळ करायला पाच सेकंद सगळा जोर लावतो. असं तीनदा.

तपासणारी विद्यार्थिनी अंगाने बारीक, समोर भरल्या मांड्यांचा कबड्डीपटू. ‘‘लाव जोर, लाव, अजून!’’ ती ओरडत होती. तिची कोपरं थरथरत होती, चवडे फरशीवरून मागे घसरत होते. तिन्ही वेळा आकडा जवळपास तोच. दुसऱ्या पायालाही तोच. नुसता कागद बघणाऱ्याला वाटावं, यंत्र भरवशाचं आणि गडी ठणठणीत!

‘‘हा त्याचा जोर नाही, माझा आहे,’’ ती म्हणाली.

तिचे हात जिथे हरतात, तिथे आकडा थांबतो. दोन्ही पाय तिला भारी, म्हणून दोन्ही सारखे. ९० टक्के सहज पार. आकड्यांत सातत्य होतं, खरेपणा नव्हता, आणि अशा कागदावर एखादा पोरगा अर्ध्या ताकदीच्या गुडघ्यानिशी चढाईला जाऊ शकतो.

मग तिने यंत्रावरून पट्टा घेऊन टेबलाच्या पायाला आवळला. आता तिने यंत्र फक्त जागेवर धरायचं. चांगल्या पायाचा आकडा एकदम चढला, ऑपरेशनचा पाय मागे राहिला. पोराचा चेहरा पडला. एवढ्याशा पट्ट्याने त्याचा गुडघा वाचवला, असं मला वाटलं.

पुढे दुसरा तपासनीस, दुसरा दिवस, आधीचे आकडे झाकून तीच चाचणी. त्यावरून दोन्ही वेळचे आकडे किती जुळतात हे सांगणारा आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन) हा गुणांक निघतो, तो ०.९ च्या वर गेला की यंत्राची विश्वासार्हता उत्तम मानतात. पण रुग्णाला उपयोगी पडतो तो मोजणीतल्या चुकीचा आकडा, म्हणजे प्रमाण त्रुटी. प्रमाण त्रुटीच्या २.७७ पटीहून कमी फरक दिसला, तर ताकद वाढली असं खात्रीने म्हणता येत नाही. ही मर्यादा प्रत्येक रिपोर्टवर छापायलाच हवी.

‘‘मॅडम, मग खेळायचं कधी?’’ कबड्डीपटूने विचारलं.

‘‘पुढच्या आठवड्यात ह्याच वेळेला ये. मीच मोजेन, पट्टा लावून.’’