एचआरमध्ये एमबीए करायचंय? मग आधी गिरणीतला जॉबर समजून घ्या

एचआर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? 'स्वतःबद्दल सांगा' असं विचारणारी मॅडम, ऑफिसातली दिवाळीची रांगोळी स्पर्धा आणि राजीनामा टाकल्यावर येणारा गोड आवाजातला फोन. मीमवाल्यांनी तर हे खातं कधीच बिनकामाचं ठरवून टाकलंय.

तरीही पदवी संपली की पोरं एमबीएची सीईटी देतात. दुसऱ्या वर्षी स्पेशलायझेशन निवडायची वेळ आली की, "फायनान्समध्ये गणित आहे, मार्केटिंगमध्ये फिरावं लागतं, मग एचआर घेऊ" असा हिशोब होतो. गडबड इथूनच सुरू होते.

या विषयात नेमकं काय शिकायचं असतं, हे समजायला शंभरेक वर्षं मागं, मुंबईच्या गिरणगावात जावं लागतं. तेव्हा गिरणीत नोकरी पाहिजे असेल तर माणूस मालकाकडे जात नसे, जॉबरकडे जात असे. कामावर घ्यायचं कुणाला, रजा द्यायची कुणाला, काढायचं कुणाला, सगळं त्याच्या मर्जीवर. बदल्यात त्याला दस्तुरी द्यावी लागे. भरती करणारा तोच, हजेरी बघणारा तोच, भांडणं मिटवणाराही तोच. थोडक्यात, एका माणसाचं एचआर खातं. फक्त त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

१९२९ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या व्हिटली आयोगाने ही पद्धत तपासली. १९३१ च्या अहवालात आयोगाने सुचवलं की भरतीचं काम जॉबरच्या हातातून काढा आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा.

पुढे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. आज ज्याला आपण टिस म्हणतो ती हीच संस्था. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. त्याच्या दुसऱ्याच वर्षी जमशेदपूरला एक्सएलआरआय सुरू झालं. या नावातल्या 'एलआर'चा अर्थ लेबर रिलेशन्स, म्हणजे कामगार संबंध, हे तिथं जायचं स्वप्न बघणाऱ्यांनाही बऱ्याचदा माहीत नसतं.

सांगायचं काय, तर आपल्याकडे हा विषय काचेच्या ऑफिसातून आलेला नाही. तो कारखान्याच्या गेटवरून आलाय.

आता अभ्यासक्रमाकडे येऊ. भरती, प्रशिक्षण, कामाचं मूल्यमापन, माणसं गटात कशी वागतात, हे सगळं असतंच. पण खरी कस लागते ती दोन विषयांत, कामगार कायदे आणि पगाराची रचना. पोरं नेमके हेच दोन पेपर गाईड वाचून काढतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यात सामावले गेले. त्यातली वेतनाची एकच व्याख्या बघा. घरभाडं, प्रवास यांसारखे ठरावीक भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची.

सोपं उदाहरण घेऊ. महिन्याला ३०,००० रुपये मिळतात. त्यात मूळ पगार १०,००० आणि असे भत्ते २०,०००. निम्मे म्हणजे १५,०००, त्यामुळे भत्त्यातले वरचे ५,००० वेतनात आले आणि वेतन झालं १५,०००. ग्रॅच्युइटी काढताना महिन्याच्या वेतनाला २६ ने भागून १५ ने आणि नोकरीच्या वर्षांनी गुणतात. दहा वर्षांच्या नोकरीवर १०,००० च्या हिशोबाने ५७,६९२ रुपये होतात, १५,००० च्या हिशोबाने ८६,५३८. एक व्याख्या नीट न वाचल्यामुळे एका माणसाचे जवळपास २९ हजार जातात.

गणित नको म्हणून एचआर घेतलं होतं ना?

अशा गोष्टी बऱ्याच आहेत. नोकरी सोडली किंवा काढलं, तर वेतनाचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क. आणि कल्याण अधिकारी आता ५०० नाही, २५० कामगारांवरच नेमावा लागतो. नोकरी शोधणाऱ्यांसाठी ही शेवटची ओळ महत्त्वाची.

दुसरा घोळ लैंगिक छळाच्या तक्रारींचा. कित्येकांना वाटतं की निकाल एचआर देतं. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला पाहिजे. एचआरने "आपण आपसात मिटवू" म्हणत फाईल दाबली, तर ते समजूतदारपणाचं लक्षण नाही, कायदा मोडणं आहे.

अडचण अशी की एचआरचा पगार कंपनी देते आणि तक्रार घेऊन कामगार येतो. जॉबरच्या वेळचा हा पेच आजही तसाच आहे. त्यात कुठं उभं राहायचं हे पुस्तकात सापडत नाही, त्यासाठी फिल्डवर्क लागतं. म्हणून कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा हे बघावं की उन्हाळ्यातला प्रोजेक्ट प्लांटवर होतो की कॉल सेंटरसारखं बसून फोन लावण्यात जातो. कामगार कायदे शिकवणारा कधी लेबर कोर्टात उभा राहिलाय का, हेही विचारावं. कल्याण अधिकारी व्हायचं असेल तर ती पदवी सरकारने या पदासाठी मान्य केलेली आहे का, हे फी भरायच्या आधी तपासावं. प्रत्येक एमबीए चालेलच असं धरून बसू नये.

एमबीए हा एकच रस्ताही नाही. नोकरी सांभाळून मुंबई विद्यापीठाचा एमएचआरडीएम करता येतो. आणि ज्यांना कामगार कायद्यातच उतरायचंय त्यांच्यासाठी परळला श्रम अभ्यासातली मास्टर्स शिकवणारी सरकारी संस्था आहे. ती उभी आहे जुन्या गिरणगावातच, आणि तिला नाव आहे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांचं.